फाईल लावलेली भावंडं

‘भावानं आमची फाईल लावली आहे’ हे वाक्य पुण्यामुंबईच्या, नाशिक-सांगलीच्या कितीतरी घरांत एकदा उच्चारलं जातं आणि मग वीसेक वर्षं त्या घरातून हलत नाही. मुलांना कोणत्या शाळेत घालायचं हे ठरवताना ते आठवतं. जागा विकत घ्यायची की भाड्यानंच राहायचं या बोलण्यात ते येतं. म्हाताऱ्या आईवडिलांपाशी कुणी राहायचं हा प्रश्न निघाला, की तर येतंच येतं. फाईल म्हणजे अमेरिकेचा नागरिक झालेल्या भावानं किंवा बहिणीनं आपल्या भावंडाला कायमचं तिकडं बोलावण्यासाठी तिथल्या सरकारकडे केलेला अर्ज. अर्ज पोचला त्या दिवसाची तारीख पावतीवर येते, तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात, आणि तिथून पुढं ते कुटुंब त्या तारखेला बांधलेलं राहतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन नावाचा तक्ता काढतं. त्यात वर्गवार आणि देशवार तारखा असतात. आपली तारीख त्या तारखेच्या आधीची असेल तर फाईल ‘करंट’ झाली, नाहीतर पुढच्या महिन्याची वाट बघायची. २०२५ सालच्या तक्त्यांत भारतीय भावंडांच्या रकान्यात २००६ सालातल्या तारखा होत्या. त्या वर्षी ज्यांची फाईल लागली, त्यांच्या तेव्हाच्या पाळण्यातल्या मुली आता कॉलेजात जातात.

या प्रतीक्षेला सगळे रांग म्हणतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते असं मला वाटतं. रांग म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. रेशनच्या दुकानापुढं, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढं, आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत माणसं उभी असतातच. दर्शनाला तासन्‌तास लागतात, तरी वारकरी जागा सोडून जात नाही. पुढचा सरकला की आपण सरकणार आणि शेवटी पायावर डोकं टेकायला मिळणार याची त्याला खात्री असते. म्हणजे रांगेत एक अलिखित करार असतो. उभं राहणाऱ्याला पुढं किती माणसं आहेत हे दिसतं, आपला नंबर आपल्या हयातीत लागेल हे कळतं, आणि उभं असताना आपलं वय वाढलं किंवा लग्न झालं म्हणून कुणी बाहेर काढत नाही. भावंडांच्या व्हिसाच्या बाबतीत यातली एकही गोष्ट खरी नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ही रांग नाहीच. हा नकार आहे, तो फक्त नकाराच्या शब्दांत दिलेला नाही. आणि नकार शब्दांत न दिल्यामुळे त्याची जबाबदारी कुणाला घ्यावी लागत नाही. नकार देण्याचा अधिकार त्या देशाला आहे की नाही हा वेगळा मुद्दा, त्याकडे मी येईनच. पण वाट पाहायला लावून नकार देणं हा अन्याय आहे, आणि तो सर्वांत जास्त सोसावा लागतो तो नियम पाळणाऱ्या माणसांना.

आधी दोन प्रकारच्या प्रतीक्षा वेगळ्या करायला हव्यात, कारण वकिलातीसमोर त्या एकाच गर्दीत मिसळलेल्या दिसतात. २०२२ सालच्या अखेरीला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नुसत्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी नऊशे दिवसांच्या पुढची तारीख मिळत होती. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईला नातवंड अडीच वर्षांचं झाल्यावर या, असं सांगण्यासारखंच ते होतं. त्यावर ओरड झाली, आणि मग काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. २०२३च्या जानेवारीपासून शनिवारीही मुलाखती सुरू झाल्या, जादा कर्मचारी आले, काही वर्गांना मुलाखतीतून सूट मिळाली. त्या एका वर्षात भारतातल्या अमेरिकन वकिलातींनी चौदा लाख व्हिसा अर्ज हातावेगळे केले आणि पर्यटक व्हिसाची सरासरी प्रतीक्षा हजार दिवसांवरून अडीचशे दिवसांवर आणली. ही रांगच होती. खिडक्या वाढवल्या, ती आटली. भावंडांच्या फाईलींना मात्र खिडक्या वाढवून काहीही फरक पडत नाही, कारण अडचण खिडकीची नाही, कायद्यात लिहिलेल्या एका आकड्याची आहे. १९९०च्या कायद्यानुसार या वर्गाला साऱ्या जगातून वर्षाला ६५,००० व्हिसा मिळतात. भावंडासोबत येणारे नवरा किंवा बायको आणि मुलं यांचीही मोजणी त्यातच. कुटुंबाधारित व्हिसांसाठी ताटकळलेल्यांची संख्या चाळीस लाखांच्या आसपास आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त या एकाच वर्गात आहेत. वीस लाख भागिले पासष्ट हजार. उत्तर तीसच्या वर जातं. बुलेटिनमधली एकोणीस वर्षं ही ज्यांचा नंबर आज लागला त्यांची आहेत. आज अर्ज करणाऱ्याला त्याहून पुष्कळ जास्त वाट बघावी लागेल. कुणी म्हणेल, वाटेत बरेच जण गळतात, म्हणून प्रत्यक्षात इतकी वर्षं लागायची नाहीत. खरं आहे. पण पुढची माणसं मेली, थकली किंवा त्यांनी नाद सोडला म्हणून जर मागच्यांचा नंबर लवकर लागत असेल, तर त्या व्यवस्थेबद्दल समाधान वाटून घ्यायचं तरी कसं?

इथं एक समज दुरुस्त करायला हवा. आपल्याकडे या सगळ्याचा दोष देशवार मर्यादेला देतात: कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून जास्त मिळायचे नाहीत, मग तो देश आइसलंड असो की भारत. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या बाबतीत ही मर्यादा भारतीयांचा गळा आवळते यात शंका नाही. भावंडांच्या वर्गात मात्र जगातल्या बहुतेक देशांची तारीख भारताच्या तारखेहून जेमतेम एक-दोन वर्षं पुढं आहे. मेक्सिकोची तर आपल्याहून कितीतरी मागं. म्हणजे हा भारतीयांशी केलेला दुजाभाव नाही. कायद्यानं दार उघडं ठेवलं आहे सगळ्यांसाठी, आणि उंबरा इतका उंच केला आहे की कुणालाच सहज ओलांडता येऊ नये.

हे दार निसर्गानं बसवलेलं नाही, हेही आठवलं पाहिजे. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांच्यापाशी व्हिसा नावाचा कागद नव्हता, कारण तसला कागदच नव्हता. पुढं त्यांचे पती गोपाळरावही तिकडं पोचले. १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ झाला, त्याला त्यांच्या दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून, लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन, खास आल्या होत्या. नात्यातल्या बाईच्या कौतुकाला जाण्यासाठी त्या काळी पैसा, धैर्य आणि समुद्र सोसण्याची ताकद लागे. आपण परत जाऊ हे कुणा अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागत नसे. मग दारं बसू लागली. १९१७ साली अमेरिकेनं आशियाचा मोठा भाग प्रवेशबंद केला, त्यात हिंदुस्थान होता. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. त्या आधी कॅलिफोर्नियात शेतीवर गेलेल्या पंजाबी पुरुषांच्या बायका पंजाबातच राहिल्या. त्यांना आणता येईना, आणि एकदा परत गेलं की पुन्हा यायची खात्री नाही, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी तिथल्या मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. कायदा फक्त माणसं अडवत नाही, तो घरांचा आकार बदलतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. १९४६ साली भारताला वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. शंभर.

मग १९६५चा कायदा आला आणि वंशावर आधारलेले कोटे गेले. भावंडांचा वर्ग आज ज्या रूपात आहे त्याचं मूळ याच कायद्यात सापडतं. मूळ प्रस्तावात कौशल्याला पहिलं स्थान होतं. ओहायोचे प्रतिनिधी मायकेल फीगन यांनी तो क्रम उलटवून नात्याला पुढं आणलं. त्यामागचा हिशेब असा होता की ज्यांचे नातेवाईक आधीच अमेरिकेत आहेत तेच येतील, म्हणजे युरोपीयच येतील, आणि देशाचा चेहरामोहरा आहे तसा राहील. तो हिशेब चुकला. आशियातून डॉक्टर, इंजिनिअर गेले, नागरिक झाले, आणि कायद्यानं दिलेला हक्क वापरून त्यांनी आपली माणसं बोलावली. म्हणजे ही तरतूद भारतीय भावंडांना डोळ्यांसमोर ठेवून कुणी केली नव्हती, पण ती कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिली होती, आणि माणसांनी तिच्यावर विश्वास ठेवला. नंतर मागणी वाढत गेली तेव्हा राज्यकर्त्यांपुढं दोन प्रामाणिक वाटा होत्या: आकडा वाढवायचा किंवा तरतूद काढून टाकायची. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. आकडा १९९०पासून जिथल्या तिथं राहिला आणि अर्ज घेणं चालूच राहिलं, शुल्कासकट.

या प्रतीक्षेत माणसांचं काय होतं, ते आता सविस्तर पाहू. पहिली गोष्ट मुलांची. भावंडाच्या अर्जात एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलंच सोबत जाऊ शकतात. वीस वर्षांच्या प्रतीक्षेत मुलं एकवीसची होणारच. २००२ साली यावर उतारा म्हणून एक कायदा झाला. त्यानुसार अर्ज मंजूर व्हायला सरकारनं जितके दिवस घेतले, तितके मुलाच्या वयातून वजा करतात. परिणाम असा, की ज्याचा अर्ज कार्यालयात दहा वर्षं पडून राहिला त्याच्या मुलाला दहा वर्षं वजा मिळतात, आणि ज्याचा अर्ज तत्परतेनं मंजूर झाला त्याचा मुलगा बाद होतो. मंजुरीनंतर आकड्यासाठी काढलेली वर्षं हिशेबात धरतच नाहीत. बाद झालेल्या मुलांना पालकांची जुनी तारीख मिळावी यासाठी झगडणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१४ साली न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. मग पन्नाशी ओलांडलेल्या आईवडिलांपुढं प्रश्न येतो: ज्यांच्यासाठी वीस वर्षं वाट पाहिली त्या मुलांना इथं ठेवून आपण तिकडं जायचं का? कुटुंबांचं पुनर्मीलन हे या व्हिसाचं कारण सांगितलं जातं. भावंडांना भेटवण्यासाठी तो आईला मुलांपासून तोडतो.

दुसरी गोष्ट लग्नाची, आणि ती भावंडांच्या शेजारच्या एका वर्गातली आहे. ग्रीन कार्डधारक आईवडिलांनी आपल्या सज्ञान मुलासाठी किंवा मुलीसाठी अर्ज केला, तर तो अविवाहित असेपर्यंतच टिकतो. लग्न झालं की अर्ज रद्द. या वर्गाची प्रतीक्षा आठ-नऊ वर्षांची आहे. पंचविशीतल्या मुलीनं तिशी उलटेपर्यंत लग्न करू नये अशी अट कोणताही कायदा उघडपणे घालणार नाही, पण या तारखांनी ती घातलेली आहे. आणि मृत्यू? अर्ज करणारं भावंड वारलं तर अर्ज आपोआप रद्द होतो. करुणेच्या आधारावर तो पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य करणं सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. अर्ज लावताना भाऊ पंचेचाळिशीचा असेल, तर तारीख येईपर्यंत तो सत्तरीच्या पुढं गेलेला असतो. हे सगळं अर्ज घेतानाच ठाऊक असतं.

शिवाय या प्रतीक्षेत एक सोय असेल असं वाटतं, ती म्हणजे निदान भेटीला जाता येईल. तिथंही भिंत आहे. पर्यटक व्हिसाच्या फॉर्ममध्ये स्पष्ट विचारतात: तुमच्यासाठी कुणी कधी स्थलांतराचा अर्ज केला आहे का? खरं उत्तर ‘हो’ आहे. आणि कायद्याचं गृहीतक असं, की प्रत्येक अर्जदार कायमचाच राहायला येतो आहे, तसं नसल्याचं त्यानं सिद्ध करावं. मग भावाच्या शस्त्रक्रियेला किंवा भाचीच्या लग्नाला निघालेल्या बहिणीची फाईलच तिच्या विरुद्धचा पुरावा होते. सगळ्यांनाच नकार मिळतो असं नाही. घरदार, नोकरी, आधीचे प्रवास पाहून अनेकांना व्हिसा मिळतो. पण सरळ मार्गानं वाट पाहणारा माणूस त्या सरळपणामुळेच संशयित ठरावा, हे मला फार क्लेशकारक वाटतं.

कागदपत्रांचं दुःख मराठी घरांत आणखी वेगळं आहे. भावंडांचं नातं सिद्ध करायला दोघांच्याही जन्मदाखल्यांवर आईचं किंवा वडिलांचं एकच नाव दिसावं लागतं. आता आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलायची रीत होती. माहेरची सुशीला सासरी मंगल झाली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तिथल्या ग्रामपंचायतीत कुणी आजोबांनी लेकीचं माहेरचं नाव सांगितलं. दुसरं मूल शहरातल्या दवाखान्यात झालं, तिथं नवऱ्यानं सासरचं नाव लिहिलं. कागदावर या दोन आया आहेत. कितीएक जन्मनोंदींत बाळाला नावच नसतं, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते. आणि जुन्या कितीएक जन्मांची नोंदच नाही. मग जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, लग्नपत्रिका, एखाद्या मामा-मावशीचं नोटरीपुढं केलेलं प्रतिज्ञापत्र असं सगळं गोळा होत जातं. पण वीस वर्षांनी मुलाखतीला बोलावणं येतं तेव्हा प्रतिज्ञापत्र करू शकणारी मावशी हयात नसते. लांबलेली प्रतीक्षा अशी पुरावाही खाते. देशभरातल्या बहुतेक स्थलांतरित व्हिसांच्या मुलाखती मुंबईतच होतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या इमारतीपुढं पहाटे प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभी असलेली साठीची माणसं दिसतात, त्या पिशवीत एवढा सगळा काळ असतो.

ही खरी रांग नसल्याचा आणखी एक पुरावा द्यायला हवा, तो २०२० सालचा. एप्रिलमध्ये अमेरिकन अध्यक्षांच्या आदेशानं बहुतेक कुटुंबाधारित व्हिसा थांबले, वकिलाती तर साथीमुळे बंदच होत्या. तो आदेश २०२१च्या फेब्रुवारीत मागं घेतला गेला. पण कायदा असा आहे की एका वर्षात कुटुंबवर्गाचे व्हिसा उरले, तर ते पुढच्या वर्षी नोकरीच्या वर्गाला जोडले जातात. पहिल्या वर्षी सुमारे सव्वा लाख आणि दुसऱ्या वर्षी सुमारे एक लाख चाळीस हजार व्हिसा अशा रीतीनं कुटुंबांच्या हातून कायमचे गेले. त्यांचा लाभ नोकरीच्या रांगेतल्या पुष्कळ भारतीयांनाही झाला, आणि त्यांचीही प्रतीक्षा खडतर आहे, म्हणून त्यांना मिळालं याचं दुःख नाही. पण खिडकी सरकारनं बंद ठेवायची आणि त्या दिवसांचा वाटा रांगेतल्यांनी गमवायचा, हे कोणत्या न्यायात बसतं? रेशनच्या दुकानदारानंही असं केलं तर लोक तहसीलदाराकडे जातात.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की दुसऱ्या देशात जाऊन राहण्याचा हक्क कुणालाच नाही. कुणाला घ्यायचं हे ठरवणं हाच तर देश असण्याचा अर्थ. मला हे मान्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तर २०२४ साली मुन्योझ खटल्यात असं ठरवलं, की आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. जिथं जोडीदाराबद्दल ही भूमिका, तिथं भावंडाची काय कथा. पण माझी तक्रार नकाराच्या अधिकाराबद्दल नाही. हक्क नसलेल्या माणसालाही फसवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पाहुण्याला ‘आमच्याकडे जागा नाही’ असं सांगणारा यजमान आणि ‘जरा ओसरीवर बसा’ म्हणून आयुष्यभर बसवून ठेवणारा यजमान यांत फरक आहे. आणि दुसरा यजमान बसण्याचे पैसेही घेत असेल, तर तो फरक फार मोठा आहे.

दुसरा आक्षेप: भाऊ स्वतःच्या इच्छेनं गेला, ताटातूट त्यानंच ओढवून घेतली, आता राज्यानं ती का भरून काढावी? शिवाय चाळिशी-पन्नाशीतली सज्ञान भावंडं म्हणजे काही उघड्यावर पडलेलं कुटुंब नव्हे. यातही तथ्य आहे. पाश्चात्त्य कायद्याच्या दृष्टीनं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलं. आपल्या भाषेत ‘पाठचा भाऊ’ म्हणताना जी सोबत सुचवली जाते ती त्या व्याख्येत मावत नाही, आणि त्यांनी आपली व्याख्या घ्यावी असा आग्रह मी धरणार नाही. बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी स्थलांतर सुधारणा आयोगानं १९९५ साली हेच सांगितलं होतं: जोडीदार आणि लहान मुलं यांना प्राधान्य द्या, भावंडांचा वर्ग बंद करा. मला ती शिफारस पटत नाही. आईवडिलांना सांभाळत मागं राहिलेल्या भावंडाचं काम कोणत्याच कायद्यात मोजलं जात नाही, आणि आईवडील तिकडं गेले की एकटं उरतं ते नेमकं हेच भावंड. पण ती शिफारस प्रामाणिक होती. ती स्वीकारली असती तर १९९५नंतर कुणी फाईल लावली नसती आणि कुणाचं आयुष्य त्या तारखेवर टांगलं गेलं नसतं. २०१३ साली सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेल्या विधेयकातही भावंडांचा वर्ग बंद करण्याची, पण आधीच अर्ज केलेल्यांना काही वर्षांत सामावून घेण्याची तरतूद होती. कनिष्ठ सभागृहानं ते विधेयक मतदानाला घेतलंच नाही. दार उघडायचं नाही आणि बंदही करायचं नाही, हा पवित्रा असा पुन्हा पुन्हा दिसतो.

तिसरा आक्षेप अर्जदारांकडूनच येतो, आणि त्याचं उत्तर देणं मला सर्वांत जड जातं. ते म्हणतात, निदान आशा तरी आहे. ती का काढून घेता? स्पष्ट नकारापेक्षा लांबची तारीख बरी. आशेची किंमत मी कमी लेखत नाही. पण ही आशा फुकट मिळत नाही. तिच्यापायी माणसं इथं धंदा वाढवत नाहीत, मुलांची लग्नं लांबवतात, पेन्शनच्या नोकरीत बदली नाकारतात, गावाकडचं घर दुरुस्त करत नाहीत. वीस वर्षं अर्धं लक्ष तिकडं ठेवून जगलेलं आयुष्य परत मिळत नाही. ही किंमत समजून-उमजून मोजायची ज्याची तयारी आहे त्यानं खुशाल मोजावी. समजून मोजण्यासाठी आकडा मात्र त्याच्यापुढं हवा, आणि तोच त्याला दिला जात नाही.

‘आपल्याकडे तरी काय वेगळं आहे,’ असंही कुणी म्हणेल. वेगळं नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यात विभागलेल्या कुटुंबांचे हाल आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो, आणि एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर आधी दिलेले व्हिसाही रद्द झाले तेव्हा अटारीच्या फाटकावर माणसं नात्यांपासून तुटताना साऱ्या देशानं पाहिली. प्रत्येक राज्य नातं अडवण्यासाठी काहीतरी शुल्क ठरवतं. ब्रिटननं पैसा ठरवला: जोडीदाराला आणायचं तर २०१२पासून वर्षाला १८,६०० पौंडांची आणि एप्रिल २०२४पासून २९,००० पौंडांची कमाई दाखवावी लागते. डेन्मार्कनं २००२ साली वय ठरवलं, नवरा-बायको दोघंही चोवीस वर्षांची हवीत. यांतल्या अटी मला कठोर वाटतात, पण त्या कागदावर लिहिलेल्या आहेत. आपण त्यात बसतो की नाही हे माणसाला त्याच दिवशी कळतं. अमेरिकेनं भावंडांकडून घ्यायचं शुल्क काळाच्या रूपात ठरवलं, आणि ते किती ते सांगितलं नाही. कॅनडानं याच कोंडीतून वेगळी वाट काढली होती. आईवडील आणि आजी-आजोबांचे अर्ज साठत दीड लाखाच्या पुढं गेले, तेव्हा २०११च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं नवे अर्ज घेणंच थांबवलं, साठलेले निपटायला घेतले, आणि लगोलग डिसेंबरात ‘सुपर व्हिसा’ आणला. त्यावर आईवडिलांना दहा वर्षांच्या मुदतीत ये-जा करता येते. एका वेळी आधी दोन वर्षं, आणि २०२२पासून पाच वर्षं राहता येतं. पुढं तिथं लॉटरी आली, २०१९ साली ऑनलाइन फॉर्म काही मिनिटांत भरून बंद झाला, लोक संतापले, ते सगळं खरं. पण थांबवलं तेव्हा थांबवलं असं सांगितलं, आणि भेटीची वाट उघडी ठेवली. अमेरिकेला हे न जमण्यासारखं काही नाही. ज्यांच्याकडून अर्ज आणि पैसे घेतले त्यांचं देणं आधी फेडावं, त्यासाठी काही वर्षं जास्तीचे व्हिसा काढावेत. मुलांचं वय अर्जाच्या दिवशी गोठवावं. फाईल लागली आहे एवढ्या कारणानं भेटीचा व्हिसा नाकारू नये. आणि नवे अर्ज घ्यायचेच असतील तर पावतीवर प्रायॉरिटी डेटच्या खाली अंदाजे किती वर्षं लागतील तो आकडा छापावा.

तो आकडा काढायला लागणारी सगळी माहिती त्यांच्यापाशी आहे. आय-१३० या फॉर्ममध्ये ज्याला बोलवायचं त्याच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं आणि मुलांचं नाव लिहायला रकाने असतात. आज कुणी त्यात दहा वर्षांच्या मुलीचं नाव लिहिलं, तर वर केलेल्या भागाकाराप्रमाणे मुंबईच्या मुलाखतीचं पत्र येईल तेव्हा ती चाळिशीला आलेली असेल. नावापुढं तिची जन्मतारीखही मागतात, आणि घरचे ती न चुकता भरतात.